रोगेनिंगची रात्र: चालत राहायचं की तळावर झोपायचं?

रोगेनिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे जास्तीत जास्त 24 तास चालणारी सांघिक स्पर्धा. ती 1976 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली. नकाशावर दाखवलेली ठिकाणं, म्हणजे चेकपॉइंट, कोणत्याही क्रमाने गाठा, गुण मिळवा. खरा प्रश्न पडतो अंधार झाल्यावर.

रात्रभर चालणाऱ्या संघाला वेळ जास्त मिळतो, पण तो वेळ स्वस्त नसतो. हेडलॅम्पच्या उजेडात दूरची टेकडी, खिंड काहीच दिसत नाही; उरतं होकायंत्र आणि मोजलेली पावलं. दिशा फक्त 5 अंशांनी चुकली तरी एका किलोमीटरवर सुमारे 87 मीटर बाजूला जाल, आणि तेवढ्या अंतरावरचा चेकपॉइंट झाडीत सहज हुकतो. म्हणून रात्री ओढा, कुंपण, वाट अशा लांबलचक खुणा धराव्यात, आडरानातले चेकपॉइंट उजेडासाठी ठेवावेत.

तळावर गरम जेवण आणि चार तास झोप घेतली की पहाटे डोकं ताजं असतं. मात्र तळावर परत यायला लागणारी चाल हिशेबात धरायलाच हवी.

माझं मत? जिंकायचं असेल तर चाला. पहिलीच स्पर्धा असेल तर नि:संकोच झोपा. संघातला एक जण जरी पेंगत असला तरीही झोपाच, कारण नियमानुसार सगळ्यांनी एकत्रच राहायचं असतं.