कॅसेटमधला आवाज पेन ड्राइव्हवर : नारायण पेठेतील एका सेवेविषयी

जुन्या कॅसेटमधील आवाज संगणकावर उतरवून देणारे एक छोटेखानी दुकान नारायण पेठेत आहे. परदेशी गेलेल्या मुलाला पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवण्याची पद्धत १९८०च्या दशकात ज्या घरांत होती, त्यांपैकी आमचे एक. आजीने बोलून पाठवलेल्या त्या कॅसेटी काकांनी अमेरिकेहून परत आणल्या आणि आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांना बुरशी लागली.

दुकानातील कारागिरी उत्तम आहे. एका कॅसेटमधील फीत हेडवर, म्हणजे तिच्यावर आवाज भरणाऱ्या आणि वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर, दाबून धरणारी बारीकशी गादीच निसटली होती. त्यांनी दोन्ही रिळे अलगद काढून दुसऱ्या कवचात बसवली. प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली त्याच्या हेडचा कल किंचित वेगळा असतो, म्हणून दर वेळी स्क्रू फिरवून त्यांनी आपल्या यंत्राच्या हेडचा कल त्याच्याशी जुळवून घेतला, आणि तेवढ्यानेच दबलेला आवाज मोकळा झाला. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या मूळ वेगानेच चालवावी लागत असल्याने साठ मिनिटांच्या कॅसेटला तासभर लागतो. त्यामुळे लगेच काम होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

तक्रार आहे ती आवाजाच्या 'सफाई'बद्दल. प्रथम हाती आली ती कृत्रिम बुद्धिमत्तेने खरखर काढलेली प्रत. तिच्यात आजीचे 'स' आणि 'श' बोथट झाले होते, आणि ती एखाद्या बंद खोलीतून बोलते आहे असे वाटत होते. मूळ प्रत मागितल्यावर विनातक्रार मिळाली, पण ती आपणहून द्यायला हवी होती. त्या प्रतीत आजी काकांना "तिकडे जेवणाचे हाल होतात का रे?" असे विचारता विचारता थांबते, आणि मागे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे सकाळचा चहा नुकताच झालेला असणार! सफाईच्या प्रतीत मात्र या बातम्या खरखरीबरोबरच पुसल्या गेल्या होत्या.

जुने फोटो हलते करून देण्याची सोयही येथे आहे. मायहेरिटेज कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या 'डीप नॉस्टॅल्जिया'नंतर हा प्रकार लोकप्रिय झाला. त्यात आधीच चित्रित केलेल्या दुसऱ्याच माणसांच्या हालचाली फोटोतील चेहऱ्यावर बसवल्या जातात. येथे आजोबांच्या फोटोवर तसेच काहीसे करून घेतले, तेव्हा त्यांनी मान वळवून मंद स्मित केले. आजोबा फोटोसाठीच काय, एरवीही असे हसत नसत. त्यावर पैसे घालवू नयेत.

कॅसेट उतरवून घेण्यासाठी मात्र हे दुकान निःसंकोच सुचवावेसे वाटते. कॅसेट देण्याआधी तिच्या वरच्या कडेच्या दोन्ही पट्ट्या मोडाव्यात, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. आवाजातील काही तपशील गाळून लहान केलेल्या एमपीथ्रीऐवजी तो पूर्ण राखणारी डब्ल्यूएव्ही फाइल मागावी, सफाई न केलेली प्रत हवी असे पावतीवरच लिहून घ्यावे, आणि मूळ कॅसेट आठवणीने परत आणावी.