शेजारचा कुत्रा हालात आहे: मालकाशी बोलायचं, सोसायटीत मांडायचं, संस्थेला बोलवायचं की पोलिसांत जायचं?

गच्चीवर पत्र्याखाली दीड हात साखळीला बांधलेला लॅब्राडोर, पाण्याच्या भांड्याला आतून धरलेलं शेवाळ आणि दोन-दोन दिवस वर न फिरकणारा मालक. मुंबई-पुण्याकडच्या वस्त्यांत असा एखादा कुत्रा सापडतोच. ज्याला हे बघवत नाही त्याच्यापुढे चार रस्ते असतात: मालकाशी बोलणं, सोसायटीत विषय काढणं, प्राणीसंस्थेला मध्ये घालणं किंवा पोलिसांत तक्रार देणं. रात्री साखळी सोडून कुत्रा उचलून आणणं हा पाचवा, त्याबद्दल शेवटी.

आमचं मत आधीच सांगतो. मालक सुधारला तर उत्तमच. नाही सुधारला, तर बहुतेक वेळा कुत्र्याची कायमची सुटका मालकाच्या सहीच्या कागदानेच होते. कोर्टाच्या निकालाने ती होते, पण फार क्वचित. म्हणून प्रत्येक रस्ता त्या सहीपर्यंत किती लवकर नेतो आणि वाटेत कुत्र्याचं काय होतं, या दोन गोष्टींवर तुलना केली आहे.

आधी कुत्र्याकडे नीट बघा

पशुवैद्यक कुत्र्याची शरीरस्थिती १ ते ९ गुणांत मोजतात. ४-५ म्हणजे ठीक. बरगड्या, मणके आणि कमरेची हाडं लांबूनच मोजता येत असतील तर १ किंवा २. शिह त्झूसारख्या केसाळ कुत्र्यात हे डोळ्यांना कळत नाही, हात फिरवावा लागतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पिल्लू असताना घातलेला पट्टा कुणी बदलला नाही, तर तो वाढत्या मानेत रुततो, वरून केस येतात आणि बाहेर फक्त कुजका वास येतो. पाण्याचा हिशेब साधा आहे: किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली. २० किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर, मे महिन्यात गच्चीवर याहून बरंच जास्त. अर्ध्या लिटरचं स्टीलचं भांडं सकाळी एकदा भरून भागत नाही.

आता मुख्य फाटा. उन्हात जोरजोरात धापा टाकतोय आणि झोकांड्या खातोय, जखमेत अळ्या पडल्यात, उठता येत नाही किंवा घराला कुलूप लावून मालक गावी गेलाय, यातलं काहीही असेल तर तुलना करत बसू नका. ११२ ला फोन आणि पशुवैद्यक, दोन्ही त्याच तासात. हात पोहोचत असेल तर उष्माघातात साध्या पाण्याने अंग भिजवून वारा घालायचा. अळ्यांच्या जखमेवर फिनाईल ओतायचं नाही. बाकी सगळ्या परिस्थितींत तुमच्याकडे काही दिवस आहेत, ते नीट वापरा.

पहिलं काम नोंदीचं. एका वहीत तारीख, वेळ, भांड्यात पाणी होतं का, कुत्रा उन्हात होता का, साखळी सुटली होती का. दर दोन-तीन दिवसांनी एकाच कोनातून फोटो, तेही तुमच्या घरातून किंवा जिन्यातून, मालकाच्या दारात शिरून नाही. मूळ फाइल मोबाइलमध्येच ठेवा, कारण व्हॉट्सॲपवर फिरलेल्या फोटोची तारीख निघून जाते. पुढे कोर्टापर्यंत गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते मूळ उपकरण ज्याच्या हातात आहे त्यालाच सरळ देता येतं.

मालकाशी बोलणं

मालक असमर्थ आहे की बेफिकीर, हे ओळखता आलं तर अर्धा निर्णय झाला. मुलगा परदेशी गेला आणि त्याचा जर्मन शेफर्ड सत्तरीच्या आईवडिलांकडे राहिला, घरात बाळ आलं, नोकरीची पाळी बदलली, अशा घरांत हा रस्ता सगळ्यात चांगला चालतो. एकट्याने जायचं, चौघं दारात उभे राहिले की माणूस आपली बाजू राखायला लागतो. "काका, तुम्ही कुत्र्याचे हाल करता" असं नाही. "काका, सकाळी मी टॉमीला वीस मिनिटं फिरवून आणू का? आणि भांडं जरा मोठं ठेवूया का, दुपारी ते कोरडं असतं," असं. मागणी मोजकी हवी: सावली, मोठं जड भांडं, दिवसातून दोनदा फिरवणं, रेबीजची लस आणि जंताचं औषध.

हा रस्ता फसतो तो फार चांगला चालल्यामुळे. शेजारीण रोज खायला घालू लागते, मालक निर्धास्त होतो, आणि दोन वर्षांनी कुत्रा त्याच साखळीला असतो. म्हणून पंधरा दिवसांची मुदत मनाशी ठेवा. तेवढ्यात मालकाने स्वतः काही केलं नाही, तर "आम्ही याला चांगलं घर बघून देऊ का?" हा प्रश्न विचारायची वेळ झाली. असमर्थ मालक या प्रश्नाने सुटल्यासारखा होतो. अनेकदा तो कुणीतरी विचारण्याचीच वाट बघत असतो.

एक सावधगिरी: कायम बांधलेला कुत्रा साखळीच्या टप्प्यात आलेल्याला चावतो, ओळखीच्यालाही. चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. लस झालीय असं मालक म्हणतो, त्यावर थांबू नका.

सोसायटी

सोसायटीला कुत्रा जप्त करायचा अधिकार नाही आणि पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालायचाही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. तिचा खरा उपयोग कागदाचा आहे. सेक्रेटरीच्या सहीचं पत्र आणि समोर राहणाऱ्या दोन-तीन साक्षीदारांच्या सह्या पोलिस ठाण्यात एकट्याच्या अर्जापेक्षा जड पडतात.

धोका मात्र चारही रस्त्यांत सगळ्यात मोठा इथेच आहे. सभेत विषय निघतो कुत्र्याच्या हालांचा आणि दहा मिनिटांत वळतो भुंकण्यावर, वासावर, लिफ्टवर. ठराव होतो "कुत्रा हटवा." मालक चिडतो आणि एका रविवारी त्याला गाडीत घालून टोलनाक्यापलीकडे सोडून येतो. घरात वाढलेल्या कुत्र्याला तिथल्या कुत्र्यांच्या हद्दी कळत नाहीत, गाड्या चुकवता येत नाहीत. तो फार तगत नाही. असं सोडणं हा गुन्हा आहे, पण तोवर कुत्रा गेलेला असतो. तेव्हा पत्रात "हटवा" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. "अमुक तारखेपर्यंत सावली, पाणी आणि वैद्यकीय तपासणी करावी, जमत नसल्यास ताबा देण्यास आम्ही मदत करू," एवढंच. सभेऐवजी कमिटीतल्या दोन समजूतदार माणसांकडून ते पत्र काढून घेतलं तर फारच बरं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकणं तर नकोच. त्याने मालक अब्रूवर येतो आणि सहीची शक्यता संपते.

संस्था

पुण्यात रेस्क्यू, मुंबईत परळचं बै. साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय (१८७४ साली स्थापन झालेल्या प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेचं) अशी नावं लोकांना माहीत असतात, आणि संस्थेला फोन केला की गाडी येईल अशी अपेक्षा असते. अशा संस्थांचा बराचसा भार रस्त्यावरच्या जखमी जनावरांचा असतो. ज्याला मालक आहे असा प्राणी संस्था घरात शिरून उचलू शकत नाहीत. त्यांना तसा अधिकारच नाही. त्या तीन गोष्टी करू शकतात: मालकाला समजावणं, वैद्यकीय तपासणी करून लेखी निष्कर्ष देणं, आणि मालक तयार असेल तर ताबा घेणं.

तिसऱ्या गोष्टीला जागा लागते, आणि पिंजरे बहुधा भरलेले असतात. म्हणून फोन करताना "तुम्ही घेऊन जा" यापेक्षा "तात्पुरतं ठेवायला घर तयार आहे, तुम्ही तपासणी आणि कागद बघाल का?" असं विचारलंत तर उत्तर वेगळं येतं. सोबत सांगायचं: जात, अंदाजे वजन, नर की मादी, चावतो का, मालक कोण, कधीपासून हे चाललंय. समाजमाध्यमांवरून "सुटकेसाठी" आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. आधी नोंदणी क्रमांक विचारा.

ताब्याचा कागद साधा चालतो. त्यावर मालकाचं नाव-पत्ता, कुत्र्याचं वर्णन आणि खुणा, "मी स्वखुशीने या प्राण्यावरचा हक्क कायमचा सोडत आहे" हे वाक्य, घेणाऱ्याचं नाव, तारीख, दोन साक्षीदार आणि दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती. लसीकरणाची वही आणि महापालिकेचा परवाना असेल तर तोही त्याच वेळी मागून घ्या. "नंतर देतो" म्हटलेली वही मिळत नाही.

कुत्रा घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात होणारी चूक इथेच सांगितलेली बरी. उपाशी कुत्र्यासमोर लोक दूधभात आणि बिस्किटांचा ढीग ठेवतात. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक पिष्ट पदार्थ गेले की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं, आणि खाताना बरा दिसलेला कुत्रा दोन-चार दिवसांत कोसळतो. २० किलोच्या कुत्र्याची विश्रांतीतली गरज साधारण ६६० किलोकॅलरी. पहिल्या दिवशी तिचा पावभागच, म्हणजे १६५ च्या आसपास: जवळपास १०० ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन, चार ते सहा वेळा विभागून. पुढचे चार-पाच दिवस किंवा त्याहून सावकाश वाढवत न्यायचं, पशुवैद्यकाला विचारून. घरात दुसरं कुत्रं असेल तर चौदा दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी. पार्व्हो हा विषाणूचा आजार तेवढ्या दिवसांत डोकं वर काढतो. जातिवंत मादी असेल तर नसबंदी झाल्याशिवाय दत्तक देऊ नका, पिल्लं काढून विकणारे अशाच जाहिरातींवर टपलेले असतात.

पोलिस आणि कायदा

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. कलम ११(१) मध्ये फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं (फ), कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं (ग), पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं (ह) आणि भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणं (आय) हे सगळं गुन्हा आहे. कंसातली अक्षरं मूळ इंग्रजी कायद्याच्या क्रमाने. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आकडा बरोबर वाचलात. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

शिवाय कलम ३१ नुसार ही पोटकलमं अदखलपात्र आहेत. ठाणे अंमलदार "एनसी घेतो" (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) म्हणतो तेव्हा तो टाळतोच आहे असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्याला तपास करता येत नाही. प्राण्याला मारून टाकणं, विष घालणं, कायमचं जायबंदी करणं हे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं, ते दखलपात्र आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

मग पोलिसांत कशाला जायचं? याच १९६० च्या कायद्यातल्या कलम ३४ साठी. गुन्हा होतोय असं वाटण्यास कारण असेल तर शिपायाच्या, म्हणजे कायद्यातल्या 'कॉन्स्टेबल'च्या, वरच्या दर्जाचा पोलिस अधिकारी प्राणी ताब्यात घेऊन दंडाधिकारी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकतो. अर्जात "गुन्हा नोंदवा" बरोबर "कलम ३४ अन्वये तपासणी करावी" हे वाक्य लिहा, नोंदवहीतली पानं आणि फोटो जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. जप्तीनंतर खटला चालेपर्यंत प्राणी पांजरपोळ किंवा संस्थेकडे राहतो आणि याच कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याच्या देखभालीचा खर्च मालकावर टाकता येतो. पन्नास रुपयांना न भिणारा माणूस रोजच्या खर्चाच्या हिशेबाला भितो, आणि सही बऱ्याचदा इथे होते.

एका नजरेत

| रस्ता | कधी धरावा | कुत्र्याला धोका |
|---|---|---|
| बोलणं | मालक असमर्थ, घाई नाही | नवा नाही, हाल लांबतात |
| सोसायटी | साक्षीदार आणि पत्र हवं तेव्हा | टाकून दिला जाण्याचा, मोठा |
| संस्था | मालक द्यायला तयार, घर हाताशी | घाईने खाऊ घातल्याचा |
| पोलिस | जिवावर बेतलंय, किंवा मालक बेफिकीर | तक्रार कळताच लपवला जाण्याचा |

आणि पाचवा रस्ता? कुत्रा कायद्याने मालमत्ता आहे. घरातून उचलून आणलात तर राहत्या घरातल्या चोरीची तक्रार होऊ शकते, न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली, सात वर्षांपर्यंत. हाल करणाऱ्याला पन्नास रुपये, सोडवणाऱ्यावर सात वर्षांचं कलम. हे विचित्र आहे, पण आज कायदा असाच आहे. त्यात कुत्रा मालकाला परत द्यावा लागतो तो वेगळाच.

तालुक्याच्या गावी संस्था नसते, तिथे तालुका लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातल्या डॉक्टरांचा तपासणी अहवाल तेच काम करतो. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीलाही अर्जाची एक प्रत द्या.

मुदतीचं शेवटचं: प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. उपेक्षा रोज चालू असली तरी सहा महिन्यांपूर्वीचे फोटो एकटे उपयोगाचे नाहीत. पहिले पंधरा दिवस बोलण्याला, पुढचे पंधरा पत्राला आणि संस्थेला, आणि महिना उलटला की पोलिसांत अर्ज. ठाण्यातून महिनाभर हालचाल नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार दाखल करायला अजून एक महिना उरतो. त्यासाठी वकील अर्ज दिल्याच्या दिवसापासूनच बघायला लागा.