माहितीपटाचं संगीत: नव्यानं करून घ्यावं की तयार वापरावं?

रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, हातात आला की दिग्दर्शकाला हा निर्णय घ्यावाच लागतो. संगीतकाराकडून नवं संगीत करून घ्यायचं, लायब्ररीतून, म्हणजे परवान्यावर संगीत देणाऱ्या संग्रहातून, तयार तुकडे उचलायचे, की आधीचंच एखादं गाणं हक्क घेऊन वापरायचं? बहुतेक जण हिशोबाची वही आधी उघडतात. पैसा महत्त्वाचा आहेच, पण त्याआधी बघायचं ते हे, की तुमच्या फिल्ममध्ये माणसं किती बोलतात. कारण माणसं तालात बोलत नाहीत, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

एक प्रसंग घ्या. मुलाखतीत एक बाई पुरात घर गेल्याचं सांगते आहे. सतराव्या सेकंदाला ती वाक्य अर्धवट सोडते, सहा सेकंद खाली बघत राहते आणि मग पुढचं बोलते. तुम्ही निवडलेला लायब्ररीचा तुकडा मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत आहे. म्हणजे चार मात्रांचा एक बार २.५ सेकंदांचा आणि आठ बारची एक ओळ बरोबर २० सेकंदांची. ओळ संपते तिथे व्हायोलिनं वर चढतात, आणि ती चढतात नेमकी तिच्या गप्प बसण्याच्या मधोमध. मग दोनच गोष्टी हातात उरतात: संगीत कापा किंवा तिची शांतता कापा. मुदत डोक्यावर असली की बहुतेक वेळा शांतताच जाते. तुकडा तीन सेकंद उशिरा सुरू करून तेवढ्यापुरतं भागवता येतं, पण पुढच्या वाक्याला गाडी पुन्हा तिथेच अडते. संगीतकार असेल तर तो सतरा सेकंद एकच लांब सूर धरून ठेवेल, ती थांबली की तो विरू देईल आणि तिचा आवाज परत आल्यावरच खालून चेलो आणेल. नव्या संगीतासाठी जे पैसे मोजायचे ते मुख्यतः या जागांसाठी. सुंदर चाली लायब्ररीतही ढिगानं मिळतात.

दुसरा फरक मिक्सिंगला, म्हणजे बोलणं आणि संगीत एकत्र जुळवायला, बसल्यावर कळतो. बोलणं स्पष्ट ऐकू येतं ते बरंचसं २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यामुळे. व्यंजनांची धार तिथे असते. लायब्ररीचा तुकडा एकट्यानं ऐकताना भरदार वाटावा म्हणून बनवलेला असतो, त्यामुळे त्याचा पियानो किंवा गिटार नेमकी तीच जागा अडवून बसते. आवाज कमी केला तर संगीत नुसतं कुजबुजत राहतं. माहितीपटाची सवय असलेला संगीतकार ती जागा मुळातच मोकळी ठेवून लिहितो. लायब्ररीकडेच जायचं असेल तर स्टेम्स, म्हणजे ताल, बेस, सुरावट असे सुटे ट्रॅक देणारीच लायब्ररी निवडा. बोलण्याखाली मुख्य सुरावटीचा ट्रॅक बंद करून बाकीचे ठेवले तरी अर्धं दुखणं कमी होतं.

याचा अर्थ लायब्ररी कमअस्सल आहे असा नाही. प्रवासाची दृश्यं, कारखान्यातल्या कामाचे झपाझप शॉट, नकाशे आणि ग्राफिक्स, शीर्षकं, अशा ठिकाणी दृश्यच संगीताच्या लयीवर कापता येतं आणि ते छान बसतं. पैसे देण्याआधी तुकडा लावून बघता येतो, नाही जमला तर तासाभरात दुसरा. फिल्म दहा मिनिटांची आणि मुदत आठवड्याची असेल तर मी दुसरा विचारही करणार नाही. धोके दोन. तोच तुकडा उद्या एखाद्या जाहिरातीखाली वाजू शकतो आणि तुम्हाला त्याबद्दल काही म्हणता येणार नाही. दुसरा धोका परवान्याचा: एकदा पैसे भरले की सगळं मिटलं असं धरू नका. इंटरनेटपुरता घेतलेला परवाना टीव्हीवर किंवा चित्रपटगृहात चालेलच असं नाही. मुदत आणि देशांची मर्यादाही त्यात असू शकते. महोत्सवात निवड झाल्यावर ही कलमं वाचण्यापेक्षा आधी वाचलेली बरी.

आधीचं गाणं हा तिसरा मार्ग सगळ्यात मोहाचा आणि कागदपत्रांच्या दृष्टीनं सगळ्यात किचकट. त्यात परवानग्या दोन लागतात, एक रचनेची आणि दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची, आणि दोन्हींचे मालक बहुधा वेगळे असतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची रचना हक्कमुक्त झालेली असली, तरी ती अलीकडे कुणी वाजवून रेकॉर्ड केली असेल तर ते रेकॉर्डिंग हक्कमुक्त नसतं. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांखाली मोफत मिळणाऱ्या संगीतातही फसगत होते. ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ (मूळ कृतीत बदल नको) अशी अट असलेला ट्रॅक फिल्मखाली लावताच येत नाही, कारण चित्राला संगीत जोडणं हे त्या परवान्यांत रूपांतरच धरलं जातं. ‘शेअर अलाइक’ असेल तर तुमची फिल्मही तशाच परवान्याखाली द्यावी लागते.

इतकं करूनही कधी कधी ते गाणं सोनं ठरतं. अमेरिकी यादवी युद्धावरच्या केन बर्न्स यांच्या १९९० च्या मालिकेत सतत ऐकू येणारी ‘अशोकन फेअरवेल’ ही व्हायोलिनची धून पुष्कळांना त्या काळातली वाटते. प्रत्यक्षात ती जे उंगर यांनी १९८२ मध्ये केली, मालिकेशी काही संबंध नसताना. अशी धून शोधून सापडत नाही, योगानंच भेटते. तिच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका.

संगीतकार घ्यायचं ठरलं तर कधी घ्यायचा, हा प्रश्न उरतो आणि त्यावर माझं मत पक्कं आहे: रफ कटच्या टप्प्यावर. पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचं संकलन कायम झाल्यावर, बोलावलं की त्याला फक्त रिकाम्या जागा भरायला मिळतात. ‘कोयानिस्कात्सी’ (१९८२) या निवेदनच नसलेल्या फिल्मसाठी फिलिप ग्लास आणि दिग्दर्शक गॉडफ्रे रेजियो यांनी चित्र आणि संगीत एकमेकांना सांभाळत घडवलं. काही भाग संगीतावरून पुन्हा कापले गेले. एवढी चैन सगळ्यांना परवडणार नाही. पण रफ कट एकत्र बसून बघणं आणि संगीत कुठे सुरू होईल, कुठे थांबेल हे टाइमकोडसकट (फिल्ममधल्या नेमक्या वेळेसकट) लिहून काढणं परवडतं. लॉक मात्र खरा लॉक असू द्या. त्यानंतर दोन सेकंद काढलेत तरी पुढचा प्रत्येक क्यू, म्हणजे संगीताचा तुकडा, सरकतो. फ्रेम रेटही, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, लेखी कळवा. २३.९७६ ची फिल्म २४ ची समजून काम झालं तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

टेम्प ट्रॅकबद्दल सांभाळून. संकलनात तात्पुरतं लावलेलं संगीत महिनाभर ऐकलं की तेच बरोबर वाटू लागतं, आणि मग संगीतकाराकडून त्याची नक्कल मागितली जाते. तसंच हवं असेल तर त्याच ट्रॅकचा परवाना मागून बघा, ते जास्त सरळ. टेम्प लावायचाच तर फक्त मोंटाजखाली, म्हणजे झपाझप जोडलेल्या शॉटखाली, लावा आणि मुलाखती कोऱ्या ठेवा.

यात एक गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. माहितीपटातला माणूस खरा असतो. त्याच्या वाक्याखाली तुम्ही कुठला सूर लावता यावर तो खोटारडा वाटेल की बिचारा, हे ठरतं. आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारलेलं नसतं. तयार तुकडे ‘दुःखी’, ‘संशयास्पद’, ‘प्रेरणादायी’ अशा खणांतून निवडले जातात, म्हणून तिथे हा निकाल नकळत दिला जातो. संगीतकाराला ‘इथे बाजू घेऊ नकोस’ असं सांगता येतं आणि चांगला संगीतकार ते करून दाखवतो.

म्हणून मुलाखतींवर उभी असलेली फिल्म असेल तर मी कमी मिनिटांचं का होईना, नवं संगीत करून घ्या असं सांगेन. तासाभराच्या फिल्मला तासभर संगीत लागत नाही. पैसे तुटपुंजे असतील तर संगीतकाराकडून आठ-दहा मिनिटांचं साहित्य स्टेम्समध्ये घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संकलकाला ते फिल्मभर वेगवेगळ्या रूपात वापरता येईल. मोंटाज आणि ग्राफिक्सला लायब्ररी चालेल, फक्त ते तुकडे संगीतकारालाच निवडू द्या, म्हणजे स्वर आणि वाद्यं एकमेकांशी फटकून वागणार नाहीत. करारात तीन गोष्टी घालून घ्या: हक्क कुणाकडे राहणार, किती वेळा बदल करून मिळणार, आणि फिल्मच्या छोट्या आवृत्तीसाठी हेच संगीत नव्यानं कापता येईल की नाही. तिसरी बहुतेकांकडून राहते, आणि टीव्हीसाठी बावन्न मिनिटांची आवृत्ती मागितली गेली की सगळ्यात आधी तीच लागते.