शेंगदाणा ॲलर्जीनंतर 'बाकी काय चालेल' हे तपासणारं क्लिनिक, आमचा रिव्ह्यू : 5 पैकी 4

लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे आधीच पक्कं झालेलं, त्यामुळे या ॲलर्जी क्लिनिकमध्ये आम्ही तेवढ्यासाठी गेलोच नव्हतो. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. शेंगदाणा नाही, मग काजू चालेल का, अक्रोड, तीळ, आणि डाळींचं काय, शेंगदाणा त्यांच्याच कुळातला ना? ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माहितीये, प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि सगळ्यांचं ऐकायचं ठरवलं तर ताटात काहीच उरत नाही.

पहिल्या भेटीत सुई-बिई काही नाही, डॉक्टरांनी फक्त विचारलं, पण काय विचारलंय! आत्तापर्यंत तिने काय काय खाल्लंय, किती, खाल्ल्यावर किती वेळात काय झालं, अंगावर पित्त उठलं का, ओठ सुजले का, उलटी, खोकला, दम. दमा आहे का आणि असला तर कंट्रोलमध्ये आहे का हे तर फिरून फिरून विचारलं, कारण दमा आटोक्यात नसेल तर रिॲक्शन जास्त जीवघेणी होऊ शकते. ती बदाम मजेत खाते म्हटल्यावर त्या म्हणाल्या मग बदामाची टेस्ट करायचीच नाही, खाऊ दे. मला हे सगळ्यात आवडलं. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे शरीरात त्या पदार्थाविरुद्धच्या अँटीबॉडीज आहेत एवढंच, पॉझिटिव्ह आलेली बरीच मुलं तो पदार्थ काही न होता खातात. जे पचतंय तेच उगाच टेस्ट करून बंद केलं तर मुलाला आलेली सहनशक्ती जाऊ शकते आणि नंतर खरीच ॲलर्जी व्हायची भीती असते. फक्त सुटे बदाम घेऊ नका म्हणाल्या, एकाच मशीनवर शेंगदाणे भाजलेले असतात.

डाळींचा विषय तर त्यांनी पाच मिनिटांत मिटवला. आधी दुसरीकडे रक्ताचं एक मोठं पॅनल केलं होतं, त्यात मसूर, वाटाणा, सोया सगळं पॉझिटिव्ह, आणि सगळं बंद करा असं सांगून मोकळे झाले होते. इथे डॉक्टरांनी समजावलं की शेंगदाण्याची प्रथिनं डाळींच्या प्रथिनांसारखी असल्यामुळे रिपोर्टमध्ये हे दिसणारच, पण खाल्ल्यावर खरंच त्रास होणारी मुलं साधारण 5 टक्के. ती आधी डाळी खात होतीच, मग परत सुरू. अपवाद लुपिनचा, हेही एक कडधान्यच, त्याचं पीठ काही ब्रेड-पास्त्यात असतं आणि त्याची शेंगदाण्याशी क्रॉस रिॲक्शन (म्हणजे एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्यानेही त्रास) बऱ्यापैकी होते, म्हणून पाकिटावर तेवढं नाव वाचायचं. काजू-अक्रोड मात्र शेंगदाण्याच्या कुळातले नाहीत, तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी 20 ते 40 टक्के मुलांना झाडावरच्या एखाद्या तरी सुक्यामेव्याची ॲलर्जी असते. तिळाची ॲलर्जीही अशा मुलांमध्ये असू शकते. म्हणून जे तिने कधी खाल्लंच नव्हतं तेवढ्याचीच टेस्ट ठरली.

स्किन प्रिक टेस्ट करणारी नर्स फार छान होती. हातावर पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी एक थेंब, त्यावर हलकंसं टोचलं, रक्त नाही की काही नाही. एक थेंब हिस्टामिनचा (ॲलर्जीत अंगावर गांधी उठवणारं रसायन), तो फुगायलाच हवा, आणि एक सलाइनचा, तो फुगता कामा नये, नाहीतर टेस्टला अर्थ नाही. पंधरा मिनिटांनी फुगलेल्या गांधीभोवती पेनाने रेघ मारली, वरून चिकटपट्टी लावून ती रेघ उचलली आणि सरळ कागदावर चिकटवली! लेक बघतच बसली. 3 मिलिमीटर आणि वर म्हणजे पॉझिटिव्ह. तीळ निगेटिव्ह, आणि निगेटिव्ह आलं तर ते 90 टक्क्यांहून जास्त वेळा खरं निघतं. काजू चांगलाच मोठा आला, अक्रोड आणि हेझलनट मधलेच. आणि हो, गांध मोठी म्हणजे रिॲक्शन मोठी असं नसतं, ती फक्त ॲलर्जी असण्याची शक्यता सांगते, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग रक्तातून कंपोनंट टेस्ट, म्हणजे अख्ख्या दाण्याऐवजी त्यातलं एकेक प्रथिन तपासतात. शेंगदाण्यात अरा एच 2 महत्त्वाचं, काजूत ॲना ओ 3, हेझलनटमध्ये कोर ए 9 आणि 14. काजूचं भरपूर आलं, म्हणून काजू बंद आणि पिस्ताही बंद, दोघं एकाच कुळातले. अक्रोड आणि पिकान (अक्रोडासारखाच एक सुकामेवा) हेही असेच एका कुळातले. हेझलनटचं जवळजवळ काहीच नाही, म्हणून ते क्लिनिकमध्ये खाऊन बघायचं ठरलं, त्याला ओरल फूड चॅलेंज म्हणतात आणि शेवटचा निकाल त्याचाच.

चॅलेंजचा दिवस लांबलचक. सर्दी-खोकला नको, ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधीच बंद. अगदी चिमूटभरापासून सुरू, वीस-वीस मिनिटांनी वाढवत, प्रत्येक वेळी छाती आणि अंग तपासून मगच पुढचा घास, रिॲक्शन आलीच तर द्यायचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन शेजारी भरून तयार. शेवटचा पूर्ण डोस झाल्यावर दोन तास बसवून ठेवलं. काही झालं नाही!! आता आठवड्यातून दोन-तीनदा हेझलनट द्यायचंच, पास झालं म्हणून विसरायचं नाही.

एक स्टार कापला तो दोन कारणांनी. रिपोर्ट म्हणून हातात नुसते आकडे दिले, काय खायचं काय नाही ते लिहून मागावं लागलं. आणि शाळेसाठी इमर्जन्सी प्लॅन मी विचारला तेव्हा मिळाला. हा कागद न मागता मिळायला हवा, कारण जोराची रिॲक्शन आली की आधी एपिनेफ्रिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि ॲलर्जीचं सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही, हे टीचरना माहीत असायलाच हवं. डोस वजनावर असतो, किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणून मूल वाढलं की एपिनेफ्रिनचं पेन (ठरलेला डोस भरलेलं तयार इंजेक्शन) बदलायचं का ते विचारत राहा.

जाणार असाल तर मुलाने काय खाल्लंय आणि काय झालं याची यादी, रिॲक्शनचे फोटो, जुने रिपोर्ट सगळं न्या. कोणी आयजीजीचं फूड पॅनल (रक्तातल्या आयजीजी नावाच्या अँटीबॉडीज मोजणारी टेस्ट) करायला सांगितलं तर नको म्हणा, त्याने ॲलर्जी कळत नाही. आमचं अक्रोडाचं चॅलेंज अजून बाकी आहे, ते इथेच करणार.