व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा: सोय कमी, पहारा जास्त

नोव्हेंबर 2014 मध्ये आलेली ही सुविधा वरवर साधी पोचपावती वाटते. एक करडी खूण म्हणजे संदेश गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या की वाचला. गोची या तिसऱ्या टप्प्यात आहे. पूर्वी समोरच्याच्या गप्प राहण्याला दहा कारणं देता यायची. आता ते आपल्यावरचा निकाल वाटतं. फ्रेंच मनोविश्लेषक जाक लाकाँ ज्याला ‘अन्य’ म्हणतो, म्हणजे ज्याच्या नजरेतून आपण स्वतःला जोखतो तो, त्याला माझ्याकडून नेमकं काय हवंय, हा प्रश्न माणसाला तसाही सुटत नाही. निळी खूण तो सोडवल्याचा आव आणते आणि आणखी पेटवते: वाचलं ना, मग उत्तर का नाही? वाचणाराही मोकळा राहत नाही. चॅट न उघडता नोटिफिकेशनमधूनच वाचायची चोरटी सवय त्यातलीच.

बंद करायला सेटिंग्ज, प्रायव्हसी, मग रीड रिसीट्स. पण मग इतरांच्या खुणाही दिसत नाहीत, आणि बरेचजण इथेच अडतात: दिसायचं नसतं, पण बघणं सोडवत नाही. ग्रुपमध्ये खुणा राहतातच, व्हॉइस मेसेज ऐकल्याचंही कळतं. ‘लास्ट सीन’ आणि ‘ऑनलाइन’ वेगळं लपवावं लागतं. ते विसरलात तर पहारा तिथून चालू.

पाचपैकी दोन तारे, तेही बंद करायची सोय दिली म्हणून.