शुश्रूषा केंद्रातली काळजी जोखायची वही: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मराठीत 'नर्सिंग होम' म्हटलं की बहुतेकांना छोटं खासगी रुग्णालय आठवतं. इथे विषय वेगळा आहे. परावलंबी किंवा वयस्कर माणूस जिथे महिनोन्‌महिने, कधी कायमचा राहतो, त्या केंद्रातल्या काळजीबद्दल हे लिहिलं आहे. परीक्षण कुठल्या एका केंद्राचं नसून ती काळजी जोखायच्या साधनाचं आहे: नातेवाइकाने ठेवायची साधी दोनशे पानी वही आणि प्रत्येक भेटीला अर्धं पान. सहा महिन्यांत त्यातले कुठले रकाने उपयोगी पडले आणि कुठले उगाच भरले गेले, ते सांगतो.

आधी निरुपयोगी ठरलेले. फरशीची चमक, खोलीचा रंग, बाग, व्यवस्थापकांचं गोड बोलणं. आतली काळजी सुधारो की ढासळो, या गोष्टी पहिल्या दिवशी असतात तशाच सहाव्या महिन्यातही असतात. वासाचा रकाना ठेवावा, पण त्याचा अर्थ नीट लावावा. एखाद्या खोलीत आत्ता लघवीचा वास आला, तर कुणाचं तरी डायपर आत्ता भरलंय, एवढंच. तोच वास गादीत आणि व्हीलचेअरच्या सीटमध्ये मुरला असेल, तर बदलायला रोजच उशीर होतोय. आणि सुगंधी फवाऱ्याचा भपकारा म्हणजे स्वच्छता असं अजिबात समजू नका.

आरोग्यसेवेचा दर्जा तपासताना तीन अंगं पाहावीत, असं आरोग्यसेवेचे अभ्यासक अ‍ॅवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलं: रचना (इमारत, माणसं, साधनं), प्रक्रिया (प्रत्यक्ष काय केलं जातं) आणि परिणाम (त्याने माणसाचं काय झालं). नातेवाईक बहुधा रचनेतच अडकतात, कारण इमारत डोळ्यांना दिसते. वहीचा उपयोग उरलेली दोन अंगं समोरासमोर ठेवायला होतो. 'कूस बदलली' अशी सही चार्टवर असते. ती सही खरी की खोटी, ते टाच सांगते.

म्हणून टाचेचा रकाना सगळ्यात मोलाचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर (सतत दाब पडून होणाऱ्या जखमा) होतात ते हाड कातडीच्या लगेच खाली असतं तिथे: माकडहाडाच्या वरचा भाग, खुबे, घोटे, टाचा, आणि बरेच जण विसरतात ती डोक्याची मागची बाजू. मोजा काढा, टाच हातात घ्या. लाली दिसली तर बोटाने हलकं दाबून सोडा. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. दाब काढला की लाली जाईल. दाबूनही लालच राहिली तर कातडी शाबूत दिसली तरी ती बेडसोरची पहिली पायरी आहे, त्याच दिवशी सिस्टरना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली फसवते. तिथे रंगापेक्षा स्पर्शावर भर द्या: आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार, टणक किंवा पिचपिचीत लागतंय का, दुखतंय का. हाडावरच्या लाल झालेल्या जागेवर कुणी प्रेमाने मालिश करत असेल तर थांबवा, त्याने आतलं मांस आणखी दुखावतं. मधे भोक असलेली रबरी गोल उशीही नको. तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. उशी पोटरीखाली लांब द्यायची, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा पडून असलेल्या माणसासाठीचा रूढ नियम. कुणाला कमीजास्त लागतं, ते कातडी पाहून ठरतं. पूर्ण कुशीवर आडवं केलं तर सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून साधारण ३० अंशांचा कल देऊन पाठीमागे उशी लावतात. डोक्याकडची बाजू जास्त वेळ उंच ठेवली तर माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड सरकतं. कंबरेजवळच्या जखमा बऱ्याचदा अशा होतात, आणि मग सगळे म्हणतात, 'कूस तर बदलत होतो!'

चार्ट वाचायचीही एक रीत आहे. २, ४, ६, ८ अशा गोल वेळा, एकाच पेनाने, एकाच हातच्या ओळीने सह्या दिसल्या तर चार्ट पाळीच्या शेवटी एका बैठकीत भरलाय असं समजायला हरकत नाही. खऱ्या कामाच्या वेळा २:१०, ३:५० अशा वेड्यावाकड्या असतात. पण इथे मावशींवर चिडण्याआधी हिशोब करा. रात्री एका मजल्यावर वीस जण आणि एकच मावशी असेल, कूस आणि डायपर मिळून एकाला पाच मिनिटं धरली, तर एका फेरीला १०० मिनिटं लागतात. १२० मिनिटांनी दुसरी फेरी सुरू. मधे एकाने जरी बेल वाजवली तरी गणित कोलमडतं, शिवाय जड माणसाला वळवायला दोघं लागतात. म्हणून 'तुमच्याकडे स्टाफ किती?' हा प्रश्न फुकट आहे. 'रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात?' असं विचारा आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

एअर मॅट्रेस (पंपाने हवा भरलेली गादी) दिसली की नातेवाईक निर्धास्त होतात. तसं होऊ नका. पंपावरचा वजनाचा खटका माणसाच्या वजनाइतका लावलाय का ते बघा; साफसफाईत तो हलतो आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. मग तळहात वर करून हवेच्या थराखाली, कंबरेच्या बरोबर खाली सरकवा. हात आणि अंग यांच्यात साधारण अडीच सेंटिमीटर हवा राहिली पाहिजे. हाड थेट हाताला लागलं तर गादी बसलीय: खटका चुकीचा, नळी दुमडलेली किंवा प्लग सुटलेला. वर रबरी शीट, त्यावर दोन चादरी, त्यावर पॅड असा थर रचला असेल तर गादीचा फायदा तिथेच जिरतो.

वजनाचा रकाना महिन्यातून एकदाच भरायचा, पण चुकवायचा नाही. काटा तोच, सकाळची वेळ तीच, व्हीलचेअरचं वजन वजा करून. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची रेघ मानतात. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात ३ किलो गेले तर 'वयामुळे' हे उत्तर पुरेसं नाही. पायाला सूज असेल तर काटा फसवतो. पाणी वाढतं, मांस घटतं, आकडा तोच राहतो. अशा वेळी दंडाचा घेर मोजा.

वजन का घटतं हे कळायला जेवणाच्या वेळी बसायला हवं. ताट येतं आणि ताट जातं, मधे काय होतं तेच महत्त्वाचं. भरवणारी व्यक्ती उभी असेल तर खाणाऱ्याची मान वर होते आणि घास श्वासनलिकेत जायची भीती वाढते. बसून, डोळ्यांच्या पातळीवर भरवायला हवं. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना पंधरावीस मिनिटं तरी लागतातच, कधी अर्धा तास. पाच मिनिटांत वाटी रिकामी झाली तर ती कुठे रिकामी झाली ते विचारा. जेवताना ठसका, जेवल्यावर ओलसर घोगरा आवाज, गालात साठलेला घास, या तिन्ही खुणांची तारीख लिहा. जेवणानंतर निदान अर्धा तास बसतं ठेवायचं. कवळी तोंडात आहे की डबीत, हेही तेव्हाच दिसतं.

पाण्याचा जग भरलेला असणं म्हणजे पाणी पाजणं नव्हे. भरलेलाच राहिला तर वाईट खूण. पाण्याच्या पातळीशी जगावर पेनाने रेघ मारून ठेवा, पुढच्या भेटीत कळतं. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची शिफारस वयस्कर बाईंना दिवसाला १.६ आणि पुरुषांना २ लिटर पेयांची आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर युरिन बॅग मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको, आणि नळी मांडीखाली दबलेली नको.

औषधांच्या चार्टवर पुढच्या वेळची सही आधीच झालेली दिसली, तर ती एकच गोष्ट थेट मुख्य सिस्टरशी बोलायला पुरेशी आहे. गोळ्या कुटून दिल्या जातात का ते पाहा. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. पार्किन्सनवरच्या लेव्होडोपा या औषधाला वेळ पाळावी लागते, तासभर उशीर झाला तरी माणूस आखडतो. आणि 'लागल्यास' या सदरातली झोपेची किंवा शांत करणारी गोळी रोज रात्री ठरल्या वेळी दिली जात असेल, तर ती 'लागल्यास' राहिलेली नाही. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वयस्करांमध्ये अँटिसायकोटिक, म्हणजे मनोविकारांवरच्या शांत करणाऱ्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या आणि २००८ मध्ये जुन्या औषधांसाठीही सक्तीचा केला. कधी कधी ती लागतात, पण का, किती दिवस आणि कधी थांबवून पाहणार, हे लेखी मिळायला हवं.

बोलका माणूस एका दिवसात गप्प आणि पेंगुळलेला झाला तर त्याला 'शांत झाले' म्हणून खूष होऊ नका. संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता किंवा नवीन औषध यांमुळे असा अचानक बदल होतो, आणि आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्याकडे दुर्लक्ष होतं. याचसाठी वहीच्या पहिल्या पानावर माणूस दाखल होतानाचं चित्र हवं: किती पावलं चालतो, कुणाला ओळखतो, बोटं पूर्ण उघडतात का. मिटलेली मूठ दर महिन्याला हळूच उघडून बघा. तळव्यात नखांचे ठसे आणि आंबूस वास असेल तर कित्येक दिवस ती मूठ कुणी धुतलेली नाही.

बेलचा रकाना सोपा: बटण हाताला येतं का, आणि ते दाबल्यापासून माणूस येईपर्यंत किती मिनिटं. लकवा झालेल्या हाताच्या बाजूला टांगलेली बेल असून नसल्यासारखी. एका मोजणीवर काही ठरवू नका. दहाबारा नोंदी वेगवेगळ्या वेळच्या हव्यात. ड्युटी बदलायची वेळ, रविवारची संध्याकाळ आणि रात्रीच्या जेवणानंतरचा तास, या तीन वेळा सगळ्यात जास्त सांगून जातात. ठरवून, कळवून दिलेल्या भेटींची पानं नंतर चाळली तर सगळी सारखीच दिसतात.

तक्रार करताना एका वेळी एकच, तारखेसह, आणि आठ दिवसांनी पुन्हा तिथेच नोंद. जखमेचा फोटो काढायचा तर माणसाला विचारून, शेजारी मोजपट्टी ठेवून. कातडी आणि पाणी यांचं पान खोलीतच पलंगाजवळ ठेवावं, बाकीची वही सोबत न्यावी. त्या पानावर रात्रपाळीच्या मावशी आपल्या हाताने 'डावी टाच लाल, उशी दिली, ३:४०' असं लिहायला लागल्या, तर तो रकाना तुम्ही भरायची गरज उरत नाही. भेटीत फक्त टाच बघायची.