ग्रंथालयाला पैसा: अनुदान की उपकर?

महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठी दुसऱ्या करावर लावलेला जादा कर, नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्था असोत की गल्लीतलं सर्वात खालच्या 'ड' वर्गाचं वाचनालय, दर्जानुसार सरकारी अनुदान मिळतं. त्याच अनुदानातून पुस्तकंही घ्यायची आणि पगारही द्यायचे. ग्रंथपालाची नेमणूक संस्था करते, म्हणून तो सरकारी कर्मचारी नाही. वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन विसराच. अनुदानाचा हप्ता लांबला की पहिली झळ त्यालाच.

कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने मालमत्ता करावर उपकर बसवला, सार्वजनिक ग्रंथालयांचं स्वतंत्र सरकारी खातं उभं केलं. पैशाचा झरा कायमचा. पण पालिका गोळा केलेला उपकर खात्याकडे वळवायला टाळाटाळ करतात, हेही तिथलंच रडगाणं.

तरी मला उपकरच बरा वाटतो. थकबाकी निदान हक्काने मागता येते. मुंबईकर मालमत्ता कराच्या नावाने बोटं मोडेल, ते वेगळं!